भारतीय सांकेतिक भाषा आणि प्राथमिक वर्ग : शैक्षणिक धोरणातील परिच्छेद ४.२२ चे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० तुम्ही परीक्षेसाठी मुद्देवार वाचले असेल. या टिपणात त्यातील एकच छोटा परिच्छेद पाहायचा आहे. चौथ्या प्रकरणातील भाषाविषयक भाग परिच्छेद ४.२२ ने संपतो. त्यात तीन गोष्टी आहेत : भारतीय सांकेतिक भाषेचे देशभर प्रमाणीकरण करावे; कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या वापरासाठी राष्ट्रीय व राज्य पातळीवर तिच्यातील अभ्याससाहित्य तयार करावे; आणि शक्य व सयुक्तिक असेल तेथे स्थानिक सांकेतिक भाषांचा आदर राखून त्याही शिकवाव्यात.

परिच्छेदाची जमेची बाजू

१८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात उच्चाराला अग्रक्रम दिला आणि खुणांना वर्गाबाहेर काढले. त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकूव्हर येथील परिषद उजाडावी लागली. या पार्श्वभूमीवर खुणांना ‘भाषा’ म्हणून भाषांच्या प्रकरणात स्थान मिळणे, ही मोठी गोष्ट आहे.

कामही झाले आहे. २०१५ मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०१८ मध्ये ३,००० शब्द होते, ते २०२१ पर्यंत १०,००० झाले. एनसीईआरटीची पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचा करार ऑक्टोबर २०२० मध्ये झाला. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्याची ३१ क्रमांकाची वाहिनी या भाषेसाठी सुरू झाली. ही यादी पुन्हा वाचा. कोश, पुस्तके, चित्रफिती, वाहिनी : हे सगळे साहित्य आहे. आपला आक्षेप येथूनच सुरू होतो.

कसोटी : भिलाईतील एक घर

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामासाठी निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा एका मराठी घरात जन्मतः कर्णबधिर असलेली सहा वर्षांची मुलगी आहे, असे समजा. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी. तिच्या ऐकणाऱ्या भावाला या तिन्ही भाषा खेळता खेळता येतात. तिच्यापर्यंत मात्र यांपैकी एकही पुरती पोहोचत नाही. पाणी, झोप, ‘बाबा ड्यूटीवर गेले’ एवढ्यासाठी घरच्यांनी काही खुणा ठरवल्या आहेत. त्यांवर भूक भागते. पण ‘काल तू का रडलीस?’ हे विचारता येत नाही.

धोरणाचा परिच्छेद ४.११ म्हणतो की शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत शिक्षण मातृभाषेत, घरच्या किंवा स्थानिक भाषेत असावे. मग या मुलीची मातृभाषा कोणती? ४.२२ हा प्रश्न विचारतच नाही. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणून हा प्रश्न अपवादात्मक नाही.

तीन आक्षेप

एक : साहित्य भाषेची जागा घेऊ शकत नाही. पहिलीचे पुस्तक मुलाला घरी भाषा मिळाली आहे असे गृहीत धरते. चित्रफितीतील खुणा समजायला ती भाषा आधी यावी लागते. कोश शिक्षकाला व पालकाला उपयोगी आहे. पण ज्या मुलीजवळ शब्दच नाही, ती कोशात शोधणार काय? निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले शाळेत एकत्र आली. शिक्षकांचा भर स्पॅनिश बोलण्यावर आणि ओठ वाचण्यावर होता. मुलांनी मात्र एकमेकांशी बोलता बोलता नवी सांकेतिक भाषा घडवली. भाषेला सोबत लागते, ती अशी.

दोन : ‘कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी’ ही मर्यादा. वर्गात ती एकटीच खुणा शिकली, तर मधल्या सुट्टीत बोलणार कोणाशी? कर्नाटकातील अलिपूर गावात बरेच कर्णबधिर आहेत आणि अनेक ऐकणारे लोकही खुणांची भाषा वापरतात. अशा ठिकाणी भाषा मुलाला शोधत येते. प्राथमिक वर्गातील सर्वच मुलांना ही भाषा शिकवणे म्हणजे उपकार नव्हे. एका मुलीला भाषा मिळण्याची ती अट आहे.

मात्र काय शिकवतो, याकडे लक्ष हवे. अनेकदा बोटांनी ए ते झेड दाखवले की सांकेतिक भाषा शिकवली असे मानले जाते. ते इंग्रजीचे स्पेलिंग झाले. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे : प्रश्नार्थक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो, आणि चेहऱ्याचे भाव वाक्याचा अर्थ ठरवतात. ‘तू राहतोस कुठे’ हा प्रश्न तिथे अगदी नियमित ठरतो.

तीन : शिक्षक कोण, यावर मौन. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १७, सांकेतिक भाषा येणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, नेमण्यास सांगतो. ही भाषा शिकवण्याचा पदविका अभ्यासक्रम कर्णबधिर उमेदवारांसाठी उपलब्ध आहे. तरी परिच्छेद ४.२२ मध्ये माणूस नाही.

एक प्रतिवाद

प्रमाणीकरणाचे समर्थक म्हणतील की भिलाईसारख्या शहरात, जिथून कुटुंब उद्या बोकारोला किंवा नागपूरला जाऊ शकते, एक प्रमाण भाषा हवीच. मुद्दा रास्त आहे. दुभाष्यांनाही तिची गरज आहे. पण प्रमाण रूप मुलीच्या आजच्या खुणा चुकीच्या ठरवून येऊ नये. घरच्या खुणेपासून सुरुवात करून प्रमाण खुणेकडे जाता येते, जसे आपण बोलीकडून पाठ्यपुस्तकाच्या भाषेकडे जातो.

निष्कर्ष

परिच्छेद ४.२२ सांकेतिक भाषेला मान्यता देतो, पण पुरवायची वस्तू म्हणून. लहान मुलीला हवी असतात बोलणारी माणसे : एक कर्णबधिर शिक्षिका, खुणा शिकलेले वर्गमित्र, आणि सहाव्या वर्षाच्या कितीतरी आधी शिकू लागलेले आईवडील. ही माणसे धोरणात आली नाहीत, तर कोश वाढत राहील आणि ती मात्र वर्गात बसून फक्त बघत राहील.

विचारासाठी प्रश्न

१. परिच्छेद ४.११ आणि ४.२२ शेजारी ठेवून वाचा. ‘मातृभाषा’ ही संकल्पना कर्णबधिर मुलाच्या बाबतीत कशी बदलते?
२. परिच्छेद ४.२२ तुमच्या शब्दांत असा पुन्हा लिहा की त्यात शिक्षक, वर्गमित्र आणि पालक यांना स्थान मिळेल.
३. तुमच्या जवळच्या एखाद्या प्राथमिक शाळेत हा परिच्छेद लागू करायचा झाल्यास पहिली अडचण कोणती येईल?