उसना गळा

पडद्यावर आधी बोगद्याचे दिवे दिसतात, मग एकदम मोकळं आभाळ आणि पहाटेचं निळसर, रिकामं पॅरिस. कॅमेरा गाडीच्या नाकाशी, रस्त्यापासून जेमतेम हातभर उंचीवर बांधलेला आहे. गाडी दिसत नाही, चालवणारा दिसत नाही, संवाद नाही, संगीत नाही. टायरांच्या किंकाळ्या सोडल्या तर आहे फक्त इंजिनाचा आवाज. तो चढत जातो, आता फुटेल असं वाटेपर्यंत ताणला जातो, क्षणभर तुटतो आणि एक पायरी खालून पुन्हा चढू लागतो. त्या तुटण्याच्या क्षणाबद्दल मला लिहायचं आहे.

क्लोद ललूश या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘सेते तं रांदेव्हू’ हा लघुपट १९७६चा, जेमतेम आठ मिनिटांचा. ऑगस्टमधल्या एका पहाटे एक गाडी पोर्त दोफिनच्या बोगद्यातून सुटते. विजयकमानीला वळसा, शाँझेलिझेचा सरळ उतार, काँकोर्दचा चौक, लूव्ह्रच्या कमानीतून पलीकडे, ऑपेराची इमारत, पिगाल आणि शेवटी माँमार्त्रच्या टेकडीवर साक्रेकरचं पांढरं चर्च. तिथे गाडी थांबते, माणूस उतरतो, पायऱ्या चढून एक तरुणी वर येते, दोघं मिठी मारतात. मधे एकही कट नाही. वाटेतले लाल सिग्नल एकामागून एक ओलांडले जातात, कबुतरं उडतात, एका अरुंद गल्लीत कचऱ्याची गाडी आडवी येते. हे सगळं बेकायदा होतं आणि रस्त्यावरच्या माणसांच्या जिवावर बेतू शकलं असतं. त्याचं कौतुक मला कधीच करता आलं नाही. मी हा चित्रपट कानांनी पाहते.

कारण तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत रोज अर्धा तास गचके खात होते. पहिल्यावरून दुसरा टाकला की गाडी मान झुकवायची, दुसऱ्यावरून तिसरा टाकला की मागच्या सीटवरची पाण्याची बाटली खाली पडायची, आणि तिसऱ्यावरून परत दुसऱ्यावर यायची वेळ आली की मास्तर नुसते डाव्या हाताने डॅशबोर्ड धरायचे. ते काच खाली करून एसी बंद करायला लावत. एकदा म्हणाले, “ताई, मीटर बघू नका. ती काय म्हणतेय ते ऐका. ओरडायला लागली की वर, कुथायला लागली की खाली.” सगळं शिक्षण या तीन वाक्यांत होतं, फक्त ते पायात उतरायला चार महिने लागले.

ललूशच्या चित्रपटातली ती गाडी नेमकी असंच बोलते. विजयकमानीकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर आवाज वर चढतो, तुटतो, पुन्हा चढतो. प्रत्येक गिअर आधीच्यापेक्षा जास्त वेळ टिकतो, कारण वरच्या गिअरला वेग जमवायला जास्त रस्ता लागतो. चौक जवळ आला की उलटा खेळ. आवाज खाली येता येता मधेच एक हुंकार ऐकू येतो, छोटा आणि चढा, आणि इंजिन वरच्या पट्टीत पुन्हा पकडतं. तो हुंकार म्हणजे क्लच दाबलेला असताना ॲक्सिलरेटरला दिलेला ठोसा. आमच्याकडे त्याला ‘रेस मारणं’ म्हणतात आणि शिकाऊ माणसाने तसं केलं तर मास्तर ओरडतात. इथे मात्र तो हिशोबाने मारलेला असतो.

हिशोब साधा आहे. समजा गाडी ताशी चाळीसच्या वेगात आहे. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर दुसऱ्यात त्याला ३,००० घ्यावे लागतील. चाकं तशीच फिरत असतात, गिअर बदलला की इंजिनाने आपली चाल बदलायची असते. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा हात सुटतो, क्लच सोडला की पुन्हा धरला जातो. मधल्या काळात इंजिनाने ३,००० गाठले असतील तर हात अलगद जुळतो. नसतील, तर उरलेले हजार फेरे क्लच प्लेट ओढून भरून काढते आणि ती ओढ म्हणजे गचका. वर जाताना काम सोपं, कारण पाय उचलला की इंजिन आपोआपच मंदावतं, आपण फक्त योग्य क्षणाची वाट पाहायची. घाई केली तर फेरे अजून जास्त असतात आणि गाडी पुढे ढकलली जाते. उशीर केला तर ते पार उतरलेले असतात आणि गाडी नाक खाली घालते. मला वाटायचं, गचका पायामुळे बसतो. तो कानामुळे बसतो.

दातेरी चाकं सरकवून एकमेकांत अडकवायची ही रीत पॅरिसमध्येच रुजली. १८९०च्या दशकात पानार आणि लेव्हासॉरच्या गाड्यांनी पुढे इंजिन, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना जोर अशी मांडणी केली आणि पुढची कित्येक दशकं बाकीच्यांनी ती उचलली. त्या काळी दात जुळले नाहीत तर गिअरबॉक्स खरखरायचा. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणलं. दात भिडण्याआधी एक कडं घासून दोन्हींचा वेग सारखा करतं आणि खरखर संपते. पण ते कडं फक्त गिअरबॉक्सच्या आतल्या दांड्याचा वेग जुळवतं, क्लचच्या पलीकडे असलेल्या इंजिनाचा नाही. म्हणून आजच्या गाडीत दात वाजत नाहीत, पण मान झुकतेच. तेवढं काम अजून माणसाकडे राहिलं आहे. लहानपणी घाटात जुन्या एसटीचे चालक प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबायचे आणि मधे एकदा रेस द्यायचे. मी खिडकीशी बसून तो डबल ठेका मोजायची. तेव्हा ते मला फक्त आवाज म्हणून आवडायचं.

आता या चित्रपटातली खरी गंमत. ललूशने जिच्या नाकाशी कॅमेरा बांधला ती गाडी म्हणजे त्याची स्वतःची मर्सिडीज ४५० एसईएल ६.९. मोठी, जड, आठ सिलेंडरची, तेल आणि वायूच्या दाबावर तरंगणारं सस्पेन्शन असलेली आलिशान सेडान. कॅमेरा नाकाला बांधूनही चित्र एवढं स्थिर येतं त्याचं श्रेय बहुधा त्या सस्पेन्शनलाच. आणि ही गाडी ऑटोमॅटिक होती. तीन गिअर, आपोआप पडणारे. क्लचचं पेडलच नाही. जो आवाज ऐकून माझ्यासारखी शिकाऊ बाई थक्क झाली, तो नंतर चढवलेला होता, ललूशच्याच फेरारी २७५ जीटीबीचा. बारा सिलेंडर, पाच गिअर, गिअरच्या दांडीभोवती खाचांची उघडी धातूची पट्टी.

चित्रपटाच्या सुरुवातीला एक पाटी येते, तिचा आशय असा की, यात चलाखी नाही आणि चित्र वेगवान केलेलं नाही. आवाजाबद्दल ती पाटी काही बोलत नाही. केवढा धूर्तपणा! वर्षानुवर्षं लोक भांडत राहिले, चालवणारा कोण, फॉर्म्युला वनचा कोणी होता का, वेग किती होता. पुढे ललूशने स्वतःच सांगितलं की चाकामागे तोच होता.

हे कळल्यावर पहिल्यांदा मला फसवल्यासारखं वाटलं. मग वाटलं, यात नवीन काय? आपण हिंदी सिनेमा पाहत वाढलो. नायिका ओठ हलवते, गळा दुसरीचा असतो आणि आपल्या डोळ्यांत पाणी येतं ते त्या गळ्यामुळे. मर्सिडीज ओठ हलवते आहे, फेरारी गाते आहे. उलट एकदा पार्श्वगायन म्हणून ऐकायला लागल्यावर हे गाणं जास्त कळायला लागलं. पडद्यावरचं वळण येण्याआधीच आवाज खाली उतरलेला असतो, जणू गायिकेला पुढची ओळ माहीत आहे. काही ठिकाणी आवाज इतका पुढे पळतो की चित्र मागे पडल्यासारखं वाटतं. तिथे नायिकेचे ओठ चुकतात. तरीही कान विश्वास ठेवतात.

कारण एकच. आवाजातला प्रत्येक गिअर खऱ्या रस्त्यावर खऱ्या पायाने टाकलेला आहे. त्यातली तुटीची जागा कुठे अगदी बारीक आहे, जिथे हात सराईत चालला. कुठे किंचित जास्त आहे, जिथे दांडीला पट्टीच्या या खाचेतून त्या खाचेत जावं लागलं असेल. गवयाच्या गळ्यातला खटका कौतुकाचा असतो, गाडीतला मात्र अपमानाचा. फेरारीचा हात दोन स्वरांमधून जातो तो मींड घेतल्यासारखा, तळाशी स्वर न सोडता. आणि माँमार्त्रच्या चढावर, गल्ल्यांमध्ये, जिथे वेग कमी आणि वळणं जास्त, तिथे मला हा आवाज सर्वात आवडतो. शाँझेलिझेवर कोणीही मोठं वाटतं. इथे मात्र दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा, मधे हुंकार, पुन्हा पकड. शहरात गाडी चालवणाऱ्याचं खरं रोजचं काम हेच असतं. माझ्या मास्तरांनी मला स्वारगेटच्या गर्दीत घेऊन जाऊन जे घोटवून घेतलं, तेच हे, फक्त बारा सिलेंडरमध्ये.

मग इंजिन बंद होतं आणि चर्चच्या घंटा ऐकू येतात. आठ मिनिटांत गाडीशिवाय ऐकू आलेला हा पहिलाच मोठा आवाज.

अलीकडे मी तो चित्रपट एकदा आवाज बंद करून पाहिला. रस्ता तसाच वाहतो, सिग्नल तसेच लाल, पण मर्सिडीज नुसती तरंगते, कुठेही काही बदलत नाही. मग पुन्हा आवाज सुरू केला. खुर्चीखाली माझा डावा पाय फरशी दाबून सोडू लागला, प्रत्येक तुटीला एकदा. बोगद्यापासून ऑपेरापर्यंत बरोबर जमलं. पिगालनंतरच्या चढावर मात्र तो अजूनही थोडा लवकर सुटतो.