प्रेपी घर : विरलेला गालिचा कोणाला शोभतो?

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आपण कशाला डोकवायचं, असं काहींना वाटत असेल. डोकवायचं, कारण त्या खोलीत पैसा आहे आणि तो दिसू न देण्याची एक रीतही आहे. आणि ती रीत आता दुकानात विकत मिळते.

'प्रेपी' हा शब्द प्रिपरेटरी स्कूलवरून आला. अँडोव्हर, एक्सेटर अशा निवासी शाळा, तिथून पुढे येल, हार्वर्ड. १९७० च्या 'लव्ह स्टोरी' सिनेमाने तो सर्वांच्या तोंडी आणला. १९८० साली 'द ऑफिशियल प्रेपी हँडबुक' निघालं. होतं ते थट्टेचं पुस्तक. पण कित्येकांनी ते 'प्रेपी कसं व्हावं' यासाठी वाचलं! (हशा)

आता जुनी प्रेपी खोली बघा. फुलाफुलांच्या चिंट्झचा सोफा, निळी-पांढरी चिनी बरणी, पितळी दिवा, शिकारीची लाकडी बदकं, भिंतीवर कुठल्यातरी पणजोबांचं तैलचित्र. खाली गालिचा, तोही मधोमध विरलेला. यातलं काहीही नवं दिसता कामा नये. सोफ्याचा हात फाटला तरी कोणी बदलत नाही. 'आमच्याकडे हे पहिल्यापासून आहे' एवढंच त्या खोलीला सांगायचं असतं.

आता थोडा विचार करा. हाच फाटका सोफा चाळीतल्या घरात असता तर आपण काय म्हटलं असतं? परिस्थिती बेताची आहे म्हटलं असतं. तिथे मात्र त्याला अभिरुची म्हणतात. म्हणजे नुसत्या झिजण्याला काही अर्थ नाही. मालक कोण, यावर तो ठरतो. या शैलीबद्दलचा माझा मुख्य आक्षेप हा आहे.

तरीही जुन्या पिढीत खरी नजर असलेली माणसं होती. सिस्टर पॅरिश घ्या. (सिस्टर हे घरातलं लाडाचं नाव, नन वगैरे नाही.) १९२९ च्या मंदीने घरची कमाई घटली, म्हणून १९३३ साली बाईंनी न्यू जर्सीत सजावटीचं छोटं दुकान काढलं. पुढे केनेडींच्या व्हाइट हाउसचं काम त्यांच्याकडे आलं. मला त्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. गादीच्या खोळीला वापरतात ते साधं पट्टेदार कापड त्यांनी खुर्च्यांवर चढवलं. चिंध्यांचे गालिचे, गोधड्या, रंगवलेल्या लाकडी जमिनी, हे सगळं त्या महागड्या वस्तूंशेजारी बिनदिक्कत ठेवत. पैसा कमी पडला तेव्हा त्यांच्या हाताने काम केलं. ती खोली बघताना हे जाणवतं.

आणि हे चिंट्झ, ज्याला ते आजीचा वारसा म्हणतात, ते मुळात कोणाचं? आपण 'चीट' म्हणतो ना, चिटाचं कापड, तेच हे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कारागिरांचं. युरोपात त्याचं इतकं वेड लागलं की इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालायला आणि घरात वापरायलाही बंदी केली. तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता. म्हणजे एकेकाळी ही परदेशी, नवी, वादग्रस्त फॅशन होती. पुढे इंग्लंडमधल्या गिरण्यांनी तिची नक्कल केली, आणि तीच नक्कल अमेरिकेत परंपरा होऊन बसली.

ही परंपरा विकता येते हे राल्फ लॉरेनने ओळखलं. ब्रॉन्क्समध्ये वाढलेला, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा. त्याच्या घरी कुठून असणार पणजोबांचं तैलचित्र? १९८३ साली त्याने घरसजावटीचा आख्खा संच बाजारात आणला. १९८६ साली मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका जुन्या हवेलीत दुकान थाटलं आणि ते जुन्या तसबिरींनी भरलं. लोक त्याला 'खोटं' म्हणतात. मला उलट वाटतं. ज्यांना त्या शाळांनी, क्लबांनी दारात उभं केलं नव्हतं, त्यांना त्याने सांगितलं की ही खोली विकत घेता येते. खोट्या जुनेपणातला हा खरेपणा मला नाकारता येत नाही.

दुसरी शाखा रंगीत. फ्लोरिडातल्या पाम बीचवर लिली पुलित्झर रसाचं दुकान चालवायची. कपड्यांवरचे रसाचे डाग दिसू नयेत म्हणून तिने भडक छापाचे झगे शिवून घेतले, आणि तो गुलाबी-हिरवा रंग पुढे उशा-पडद्यांवर गेला. २०१५ साली टार्गेट या स्वस्त दुकानसाखळीत तिच्या ब्रँडचा माल आला, काही तासांत संपला. त्यावर जुने ग्राहक चिडले! छाप तोच, रंग तोच. चिडायचं कारण काय? आता तो कोणालाही परवडत होता, दुसरं काय.

सध्याचे दोन अवतार सांगतो. एक 'ग्रँडमिलेनियल', हा शब्द २०१९ चा. तिशीतली मंडळी, झालरीचे सोफे, चिंट्झ, भरतकामाच्या उशा. जे जुन्या बाजारातून शोधून आणतात, दुरुस्त करतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. कारखान्यातून मुद्दाम विटकं करून आलेलं कापड घेतात, त्यांच्याशी आहे. वापर न करता झीज हवी, हे काय?

दुसरा अवतार बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या खोल्यांचा. झगझगीत गुलाबी, हसऱ्या चेहऱ्याची उशी, विजेच्या आकाराची चित्रं, डिस्को बॉल. त्या याला 'प्रेपी' म्हणतात आणि मोठी माणसं कपाळावर हात मारतात. मी मारत नाही. या मुलींनी शाळाही टाकली आणि पणजोबाही टाकले, फक्त रंग ठेवला. तो ठेवण्यात ढोंग नाही. मात्र त्या खोलीतली प्रत्येक वस्तू एकाच महिन्यात विकत घेतलेली, बहुतेक पॉलिएस्टरची. ती विरणार नाही. आवड बदलली की कचऱ्यात जाणार, आणि जुनी व्हायची तिला संधीच नाही. सिस्टर पॅरिशकडून काही घ्यायचंच असेल तर या मुलींनी ते खोळीचं कापड घ्यावं. ते स्वस्त आहे, धुता येतं, आणि घरातल्या घरात शिवता येतं.

बरं, आता प्रश्न घेऊ या.