नायक आधी, भूमिका नंतर

‘ठाकरे’ चित्रपटाचा मराठी ट्रेलर २०१८च्या डिसेंबरात आला आणि लगोलग तक्रारी सुरू झाल्या त्या आवाजाच्या. नवाजुद्दीन सिद्दीकीच्या तोंडी सचिन खेडेकरांचा आवाज होता. खेडेकर मोठे नट, आवाज कमावलेला, उच्चार स्वच्छ. पण शिवाजी पार्कवरच्या सभा ऐकलेल्या माणसांना तो बाळासाहेबांचा वाटेना. निर्मात्यांनी ही तक्रार मनावर घेतली आणि चित्रपटासाठी आवाज चेतन सशित्तल यांचा घेतला. बुढाण्यासारख्या उत्तर प्रदेशातल्या गावचा नट बाळासाहेब होतोय, हे लोकांनी चालवून घेतलं. आवाज मात्र चालवून घेतला नाही. प्रेक्षकाला पात्रनिवड कळत नाही, त्याला फक्त ओळखीचा चेहरा हवा असतो, असं चित्रपटधंद्यात बिनदिक्कत बोललं जातं. त्या समजुतीला एवढं एक उदाहरण पुरेसं उत्तर आहे.

मुद्दाम २०१९ हे वर्ष घेऊ. जुलैमध्ये ‘सुपर ३०’ आला. पाटण्याच्या आनंद कुमारांच्या भूमिकेसाठी हृतिक रोशनचा गोरा चेहरा रंग लावून सावळा केला होता. ऑक्टोबरमध्ये ‘सांड की आंख’ आला. साठी ओलांडल्यावर बंदूक हातात घेणाऱ्या चंद्रो आणि प्रकाशी तोमर या जावांच्या भूमिकेत तिशीतल्या भूमी पेडणेकर आणि तापसी पन्नू होत्या. आमच्या वयाच्या भूमिका तरी आम्हाला मिळू द्या, अशा आशयाचं नीना गुप्ता यांनी तेव्हा उघडपणे मांडलं होतं. नोव्हेंबरमध्ये ‘बाला’ आणि डिसेंबरमध्ये ‘पानिपत’.

यांतला ‘बाला’ मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो हेतूने चांगला चित्रपट आहे. अकाली टक्कल पडलेला कानपूरचा तरुण आणि लहानपणापासून काळी म्हणून हिणवली गेलेली वकील लतिका, या दोघांच्या गोष्टीतून तो सांगतो की माणसाने आपला रंग, आपलं रूप लपवू नये. आणि ही लतिका साकारायला भूमी पेडणेकरला गडद मेकअप केला आहे. दृश्य बदललं की रंगाची छटा बदलते. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये तो रंग त्वचेवर बसलेला दिसतो, त्वचेचा वाटत नाही. भूमी मन लावून काम करते, तिचा राग खरा वाटतो. पण ज्या मुलीची गोष्ट पडद्यावर सांगितली जातेय, तिच्यासारखी दिसणारी नटी त्याच गोष्टीच्या मुख्य भूमिकेत चालत नाही, हे चित्रपटाने कृतीने मान्य केलेलं असतं. मग लतिकाचं शेवटचं म्हणणं कितीही पटणारं असलं, तरी ते पोकळ ऐकू येतं.

‘पानिपत’चं दुखणं वेगळं आहे आणि मराठी माणसाला ते जास्त लागतं. सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले तेव्हा तिशीचे होते. वयाने अर्जुन कपूर त्यांच्या जवळपासच होता. उदगीरची लढाई जिंकलेला, पेशव्यांच्या दौलतीचा हिशेब बघणारा, बोलण्यात तिखट आणि निर्णयात हट्टी असा हा माणूस. आशुतोष गोवारीकरांच्या पटकथेत हे सगळं आहे. नटाच्या आवाजात नाही. दरबारात हिशेब मांडणारा भाऊ, पार्वतीबाईंशी बोलणारा भाऊ आणि रणावर ओरडणारा भाऊ, तिघांची संवादफेक एकच. मिशी, पगडी, अंगरखा काहीही कमी नाही, पण दिवाणखान्यात उभा असलेला माणूस कारभारी वाटत नाही, तो पोशाख केलेला तरुण वाटतो. समोर अब्दाली म्हणून संजय दत्त. पानिपताच्या वेळी अब्दाली चाळिशीच्या आत होता, दत्त साठीचे. हे दोन तरुण, महत्त्वाकांक्षी सेनापती एकमेकांना तोलत होते, हे त्या युद्धातलं खरं नाट्य. ते निवड करतानाच हातचं गेलं. आणि याच चित्रपटात मल्हारराव होळकर म्हणून रवींद्र महाजनी आहेत, जनकोजी शिंदे म्हणून गश्मीर महाजनी आहे. हे दोघे थोडाच वेळ दिसतात आणि तेवढ्यात घोड्याची, तलवारीची, छावणीच्या धुळीची सवय असलेली माणसं वाटतात.

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. आपल्याकडे पात्रनिवडीची कला गेल्या तीस वर्षांत फार पुढे गेली, पण ती दुय्यम भूमिकांपुरती. १९९४च्या ‘बॅन्डिट क्वीन’साठी तिग्मांशू धुलियाने माणसं शोधली, फूलन म्हणून सीमा बिस्वास आली. ‘गँग्स ऑफ वासेपूर’पर्यंत येता येता मुकेश छाब्रासारख्यांचं नाव श्रेयनामावलीत ठळक दिसू लागलं. आज हिंदी चित्रपटातला हवालदार, शेजारी, सासरा, चहावाला अस्सल असतो, कारण त्या भूमिकेसाठी शेकडो लोकांची ऑडिशन झालेली असते. नायकाची ऑडिशन होत नाही. नायक आधी ठरतो. त्याच्या नावावर पैसा उभा राहतो, उपग्रह आणि ओटीटीचे हक्क विकले जातात, मग बाकीचे लोक शोधायला कास्टिंग डायरेक्टरला बोलावलं जातं. म्हणजे ज्या भूमिकेवर सगळा चित्रपट उभा राहायचा, तिच्याबाबतच तज्ज्ञाचं मत घेतलं जात नाही. आजूबाजूला सगळी खरी माणसं आणि मधोमध एक बेगडी, हे आपल्या चरित्रपटांचं ठरलेलं चित्र यातून तयार होतं. २०१४च्या ‘मेरी कोम’मध्ये हेच झालं. प्रियांका चोप्राने मेहनतीत कसूर ठेवली नाही, पण मणिपूरची लिन लैश्राम त्याच चित्रपटात छोट्या भूमिकेत होती.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: मग काय कोल्हापूरच्या माणसाची भूमिका कोल्हापूरच्याच नटाने करायची? अजिबात नाही, आणि मला या ठिकाणी तडजोड करायची नाही. जात, प्रांत, मातृभाषा तपासून भूमिका वाटायला लागलो तर अभिनय नावाची गोष्टच उरणार नाही. जब्बार पटेलांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भूमिकेसाठी मल्याळी मम्मुटीला घेतलं. चित्रपट इंग्रजीत होता. परदेशात शिकलेल्या, ग्रंथांत रमलेल्या, अपमान गिळून मोजकं बोलणाऱ्या विद्वानाचा भारदस्तपणा मम्मुटीकडे होता, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. याउलट ‘छावा’मध्ये रश्मिका मंदानाची येसूबाई. तीही दक्षिणेतलीच, पण तिच्या वाक्यांची ठेवण पात्राला सतत परकं करत राहते, आणि राज्याचा कारभार पुढे ज्या बाईने सांभाळला तिचं वजन कुठे उमटतच नाही. दोघांचा प्रांत मराठीबाहेरचा. एका ठिकाणी दिग्दर्शकाने भूमिकेचा गाभा काय ते ठरवून नट शोधला, दुसऱ्या ठिकाणी नऊवारी आणि नथ यांवर काम भागेल असं मानलं.

महेश भट्टच्या ‘सारांश’चं उदाहरण सगळे देतात, ते द्यायलाच हवं. २८ वर्षांचा अनुपम खेर निवृत्त मराठी मास्तर प्रधान झाला. मुलाच्या अस्थी घ्यायला गेलेला म्हातारा कस्टमच्या कचेरीत उभा राहतो, तेव्हा त्याचे खांदे, त्याचा फुटलेला आवाज बघताना नटाचं वय कुणाच्या मनात येत नाही. शेजारी रोहिणी हट्टंगडी, त्याही तरुणच. मग ‘सांड की आंख’मध्ये हेच का जमलं नाही? तिथे वय हा गोष्टीचा विषय होता, आणि दोन्ही नट्यांनी म्हातारपण बाहेरून घेतलं होतं: पांढरे केस, वाकलेली पाठ, सुरकुत्या. खेरने म्हातारपण श्वासात घेतलं.

आणि प्रभातचा ‘संत तुकाराम’. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांच्यासमोर विष्णुपंत पागनीस हे नाव आलं तेव्हा दोघांनाही ते पसंत नव्हतं. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले, त्यांच्या हालचालींत तो नाजूकपणा उतरलेला. कागदावर ही निवड चुकीचीच. पण पागनीसांच्या गळ्यात भजन होतं, आणि त्या मऊ हालचालींतूनच संसाराचं भान सुटलेला, कुणाशी भांडता न येणारा तुकाराम उभा राहिला. त्याला तोल दिला गौरीच्या जिजाईने. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन विठोबासमोर पायतण उगारणारी ती बाई पाहिली की पागनीसांचा शांतपणा दुप्पट कळतो. निवड एका माणसाची नसते, जोडीची असते, हे प्रभातच्या लोकांना समजलं होतं. पुढच्या वर्षी व्हेनिसला या चित्रपटाचा गौरव झाला.

मराठीनेही आरशात पाहावं असं बरंच आहे. सुबोध भावे हा आपला गुणी नट. ‘बालगंधर्व’ त्याने जीव ओतून केला. त्यानंतर लोकमान्य टिळक तोच, काशीनाथ घाणेकर तोच, ‘हर हर महादेव’मध्ये शिवाजी महाराजही तोच. टिळकांच्या करारीपणापर्यंत तो पोहोचला, महाराजांपर्यंत पोहोचला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण याचं खापर त्याच्या डोक्यावर फोडणं अन्यायाचं. चरित्रपट म्हटला की एकच दार ठोठावायचं, हा निर्मात्यांचा आळस आहे. चैतन्य ताम्हाणेने ‘कोर्ट’साठी केलं ते नेमकं उलट. शाहीर नारायण कांबळे म्हणून नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार, सरकारी वकील म्हणून गीतांजली कुलकर्णी. कायद्याची कलमं ती ज्या एकसुरी वेगाने वाचत जाते, त्यात रोज तेच वाचणाऱ्या बाईची सगळी नोकरी कळते. २०२०च्या ‘स्कॅम १९९२’मध्ये हंसल मेहतांनी हर्षद मेहता म्हणून गुजराती रंगभूमीवरचा प्रतीक गांधी घेतला. मोठं नाव नसल्याने मालिकेचं काहीही अडलं नाही.

ऑस्कर अकादमीने पात्रनिवडीसाठी स्वतंत्र पुरस्कार जाहीर केला तो २०२४मध्ये, तोही २०२५च्या चित्रपटांपासून. जगातही या कलेची कदर उशिराच झाली, तेव्हा आपण फार मागे आहोत असं नाही. पण परीक्षणं लिहिणाऱ्या आम्हा मंडळींना एक काम आजपासून करता येईल. भूमिका फसली की आपण नटावर चार ओळी लिहून मोकळे होतो. त्या नटाला तिथे कुणी आणि कशासाठी उभं केलं, हे त्याच परिच्छेदात, निर्मात्याचं आणि दिग्दर्शकाचं नाव घेऊन लिहिलं पाहिजे.