मीठ धुणाऱ्या बापाची गोष्ट

‘स्मृतिचित्रे’बद्दल बोलायला लागलं की आपल्याकडे दोन शब्द हमखास येतात, ‘निखळ’ आणि ‘प्रसन्न’. मागच्या व्याख्यानानंतरही कुणीतरी म्हणालं, की बाईंनी एवढं सोसलं पण कटुता कुठे नाही. मला हे कौतुक जरा अपुरं वाटतं.

पुस्तकाची सुरुवात आठवा. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना, नानांना, सोवळ्याचं वेड लागलं. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर हातात काय उरणार? आपण हसतो, सभागृहातही आत्ता हसलात. पण त्या घरात राहणाऱ्या बायकोला आणि पोरांना ते हसू परवडत नव्हतं, हेही बाई त्याच ओघात सांगून जातात. मार होता, धाक होता. एका माणसाची जखम सगळ्या घराला पाणी भरायला लावत होती.

हे लिहिलं कधी? पहिला भाग १९३४ चा. बाईंची साठी उलटलेली, टिळकांना जाऊन पंधरा वर्षं झालेली. म्हणजे हा आनंद त्या वेळचा नव्हे. तो फार उशिरा मिळालेला आहे, आणि तो ‘विसरल्यामुळे’ मिळाला असं म्हणणं तर चूकच. एवढे बारकावे विसरलेल्या माणसाला सांगता येत नाहीत.

मग तो आला कुठून? माझ्या मते त्याची जागा विनोदात शोधू नये. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि बाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर, पंढरपूरला बहिणीच्या आधारानं राहिल्या. तो दुःखाचा भाग आपण नेहमी वाचतो. त्या परत आल्या तेव्हाही त्यांची चूल वेगळीच होती! नवऱ्याकडे आल्या, पण सोवळं बरोबर घेऊन आल्या. बापाचं पाणी अजून संपलं नव्हतं, असं मी म्हणेन. (हे माझं वाचन, बाई असं म्हणत नाहीत.)

आणि मग तो प्रसंग. त्या विचार करत बसतात, की जात देवानं केली असती तर जनावरांत असतो तसा फरक माणसांच्या शरीरात नसता का दिसला? उपदेश नाही, कुणी समजावलं नाही. एका बाईनं आपल्यापुरता लावलेला हिशोब. त्यानंतर कुणाच्याही हातचं खायचं त्या ठरवतात.

समीक्षक इथे धर्मांतराची पायरी बघतात. बघावी, पण मला इथे नानांची मुलगी दिसते. म्हणून एक विनंती. हा प्रसंग वाचून झाला की पुस्तक मिटू नका, मागे जलालपूरच्या पानांवर जा. मीठ धुण्याचा प्रसंग तेव्हा पुन्हा वाचा, आणि आता कुठे हसू येतंय ते बघा.