पावती नसलेले दान आणि आपली समीक्षा

राजकीय कादंबरीविषयी प्रस्थापित मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. तिच्यातील व्यक्तिरेखा, तिचे वास्तवाचे भान, तिची निवेदनशैली यांची चर्चा झाली. परंतु कादंबरीत जी सत्ता चितारली आहे तिचा खर्च कोण भागवतो, हा प्रश्न समीक्षेने साहित्याबाहेरचा मानला. ज्यांना पैशाची ददात नसते त्यांना पैशाचा प्रश्न वाङ्मयबाह्य वाटणे स्वाभाविक आहे. दलित समीक्षेला मात्र ही चैन परवडणारी नाही. दान कुणी दिले, कशासाठी दिले आणि देणाऱ्याचे नाव का लपवले गेले, हे विचारणे आपल्या वाचनपद्धतीचा भाग झाले पाहिजे. एवढेच मला या लेखात मांडायचे आहे.

अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या, आणि त्यांच्यावर आधारलेला जब्बार पटेल यांचा १९७९ सालचा 'सिंहासन' हा चित्रपट घ्या. पटकथा विजय तेंडुलकरांची. साधू स्वत: पत्रकार होते. मंत्र्यांचे बंगले, वर्तमानपत्राची कचेरी आणि कामगार संघटना यांची त्यांना असलेली जाण मराठीत विरळाच आढळते. ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री विश्वासराव, कामगार पुढारी डिकास्टा ही माणसे खरी वाटतात. पण या साऱ्या खेळात पैसा हवेसारखा आहे. सगळे त्यात श्वास घेतात. तो कोणत्या दिशेने येतो ते प्रेक्षकाला दिसत नाही. सर्व काही जाणणारा पत्रकार दिगू टिपणीस अखेरीस वेड्यासारखा हसत सुटतो.

मध्यमवर्गीय प्रेक्षकाला हा शेवट फार सखोल वाटला. माझा आक्षेप नेमका येथे आहे. सगळे ठाऊक असूनही काही करता येत नाही म्हणून वेड लागणे, हे ज्याचे स्वत:चे काही जाणार नाही अशा माणसाचे दु:ख आहे. ज्याची झोपडी उठायची आहे त्याला वेडे होऊन चालत नाही. ती कुणाच्या सहीने उठली आणि त्या सहीमागे कुणाचा पैसा होता, हे त्याला शोधावेच लागते.

चित्रपट आला तेव्हा कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यास कायद्याने बंदी होती. ती १९६९ साली आली आणि १९८५ साली उठली. तिच्या आधी, १९५७ साली, टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रकात दुरुस्ती मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली. पण हा प्रघात वाढत जाऊन लोकशाहीचाच गळा घोटील, असा इशाराही त्याच निकालात दिला. बंदी आली म्हणून पैसा थांबला नाही. तो पावतीशिवाय जाऊ लागला.

कसा जाऊ लागला, हे 'सिंहासन'नंतर दोनच वर्षांनी महाराष्ट्राने पाहिले. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' आणि आणखी काही न्यास उभे केले. त्या काळी सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते आणि मुंबईच्या बांधकाम व्यावसायिकांना ते हवे होते. ऑगस्ट १९८१ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण उघडकीस आणले. १२ जानेवारी १९८२ रोजी न्या. लेंटिन यांनी सिमेंटचे वाटप आणि न्यासांना मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा निर्णय दिला आणि अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. पुढे फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि काही वर्षांनी अंतुले केंद्रात मंत्रीही झाले. तो भाग निराळा.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे प्रतिष्ठान साहित्यिक-कलावंतांच्या साहाय्यासाठी काढले होते. म्हणजे सिमेंटच्या पोत्यामागे जो पैसा गोळा झाला तो प्रतिभेच्या नावाने. साहित्य आणि राजकारण यांची सरमिसळ करू नका, असे आम्हा दलित लेखकांना वारंवार बजावणाऱ्या व्यवस्थेत साहित्याचे नाव इतक्या सहज वापरले गेले, ही केवळ भ्रष्टाचाराची कथा नव्हे, वाङ्मयव्यवहाराचीही आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचे वाचन कसे करावे याचा धडा फार पूर्वी बाबासाहेबांनी घालून दिला आहे. काँग्रेस व गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ सालच्या ग्रंथाकडे आपण राजकीय वादाचा ग्रंथ म्हणून पाहतो. तो हिशेब वाचण्याचाही ग्रंथ आहे. १९२१ साली एक कोटीचे उद्दिष्ट ठेवून टिळक स्वराज्य फंड जमा झाला. त्यातून अस्पृश्यांच्या कामासाठी जेमतेम ४३ हजार रुपये निघाले, हे बाबासाहेब मंजुऱ्यांच्या नोंदी मांडून दाखवतात. घोषणा बाजूला ठेवून ते वही उघडतात.

त्याच ग्रंथात पुढे हरिजन सेवक संघाची चिकित्सा आहे. १९३२ साली स्थापन झालेल्या या संघाचे अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला होते. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी बाबासाहेबांनी बोटीवरून चिटणीस ठक्कर यांना कामाची दिशा सुचवणारे सविस्तर पत्र पाठवले. त्याची पोचसुद्धा आली नाही. संघाच्या कारभारात अस्पृश्यांना अधिकार का नाही, याला उत्तर असे मिळाले की हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंनी दिला आहे, तेव्हा कारभारही त्यांनीच पाहायचा. ज्याचा पैसा त्याचा हुकूम, हे इतक्या उघडपणे क्वचितच कुणी सांगितले असेल.

पण त्या दानाचे एक वैशिष्ट्य होते: देणाऱ्याचे नाव ठाऊक होते. म्हणून तर बाबासाहेबांना त्यावर बोट ठेवता आले. गुप्त दानात हे बोटच छाटले जाते. हुकूम चालू राहतो आणि तो कुणाचा हे सांगता येत नाही. गुप्त दान लाच असते की नसते, या वादाइतकेच हेही महत्त्वाचे आहे की ते टीकेची शक्यताच संपवते.

निवडणूक रोख्यांनी हेच कायद्याच्या भाषेत केले. २०१७ च्या वित्त कायद्याने वाट काढली आणि जानेवारी २०१८ मध्ये योजना लागू झाली. नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देण्याची कंपन्यांवरची मर्यादा उठली. रोखे एक हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे होते. पण विकल्या गेलेल्या रकमेतील नव्वद टक्क्यांहून अधिक रक्कम एक कोटीच्या रोख्यांची होती. हजाराचा रोखा गरिबासाठी ठेवलेला देखावा होता. एकूण विक्री सोळा हजार कोटींहून अधिक झाली. सर्वांत मोठा वाटा केंद्रातील सत्ताधारी भारतीय जनता पक्षाला मिळाला; काँग्रेस, तृणमूल, शिवसेना, राष्ट्रवादी यांनीही रोखे घेतले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने ते नाकारले आणि न्यायालयात दाद मागितली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला हे जाणण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने म्हटले. मार्च २०२४ मध्ये याद्या बाहेर आल्या, तेव्हा कळले की गुप्तता फक्त मतदारापासून होती. स्टेट बँकेकडे खरेदीदाराची ओळख होती, आणि प्रत्येक रोख्यावर साध्या नजरेला न दिसणारा क्रमांकही होता.

मी मनोरीत राहतो. गावात कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी वस्ती आहे. मी येथला भाडेकरू. फेरीबोटीने खाडी ओलांडून मार्व्याच्या धक्क्यावर उतरतो आणि पुढे महाविद्यालयात शिकवायला जातो. खाडीवरचा पूल, पर्यटनाच्या योजना, समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प यांची चर्चा बोटीत कायम असते. त्यातून कुणाची जमीन जाईल, कुणाची जाळी सुकवायची जागा जाईल, हेही लोक बोलतात. 'वर सगळे ठरले आहे' एवढे प्रत्येक जण म्हणतो. कुणी ठरवले, ते सांगता येत नाही. मला कुणावर आरोप करायचा नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की जेथे देणाऱ्याचे नाव झाकलेले असते तेथे शहाण्या माणसाच्या हातीसुद्धा फक्त अफवा उरते. अफवेला कुणी उत्तर देत नाही. पावतीला द्यावे लागते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मालवणीतल्या आमच्या वस्तीत जयंतीची वर्गणी निघे. पाच रुपये देणाऱ्या विधवेलाही पावती मिळे. जयंतीनंतर जमाखर्च फळ्यावर लागे आणि आमच्या घरात शाळेत गेलेला मी पहिलाच, म्हणून थोरांना तो मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. चहासाखरेच्या खर्चावरूनही भांडणे होत. एका वर्षी मंडप आणि लाउडस्पीकर कुणीतरी परस्पर दिला. पावती फाटली नाही. त्या वर्षी फळ्यावर काही लागले नाही आणि व्यासपीठावरून वस्तीच्या पाण्याविषयी कुणी बोलले नाही. कुणी मनाई केली होती असे नाही. मनाई करण्याची गरजच उरली नव्हती.

म्हणून हा प्रश्न फक्त प्रस्थापित पक्षांना विचारून भागणार नाही. कांशीराम यांनी 'एक वोट, एक नोट' असे म्हणत मतदारालाच पक्षाचा धनी केले होते. हा विचार क्रांतिकारक होता. त्याच बहुजन समाज पक्षाने पुढे वर्षानुवर्षे वीस हजारांवरील देणग्या निरंक दाखवल्या. हा खरोखर गरिबांच्या लहान नोटांचा ढीग होता की मिटलेली वही होती? ज्या रकमेपुढे नाव लिहावे लागत नाही तिच्याविषयी हे सांगता येत नाही. गरिबाची नोट आणि धनिकाची थैली तेथे सारखीच दिसते, आणि यात नुकसान गरिबाचे होते. कारण त्याने दिले होते याचा पुरावा नाहीसा होतो.

दलित आत्मकथनांनी भाकरीचा हिशेब मांडला: किती घरे फिरलो, किती तुकडे मिळाले. तो हिशेब लिहिताना आपल्याला लाज वाटली नाही, कारण लाज दुसऱ्यांची होती. आता आपल्या लेखकांनी वरच्या मजल्यावरचाही हिशेब लिहिला पाहिजे. रोख्यांच्या याद्या आता सर्वांसाठी खुल्या आहेत. पण मराठी कादंबरीकाराला त्यांत केवळ आकडे दिसत असतील, तर दोष आकड्यांचा नाही. आणि रोखे रद्द झाले तरी कंपन्यांच्या देणग्या, निवडणूक न्यास आणि लहान रोख रकमांची पळवाट शिल्लक आहेच.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. आपली संमेलने, आपल्या जयंत्या, आपल्या संघटना आणि आपली नियतकालिके यांना कुणी किती दिले, हे देणाऱ्याच्या नावासह फळ्यावर लागले पाहिजे. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवले पाहिजे.