मराठी अक्षरजुळणी आणि मुक्त सॉफ्टवेअर : 'पँगो'च्या १.३१ या विकास-आवृत्तीची समीक्षा

गोषवारा : संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षरे जोडून दाखविण्याचे काम करणाऱ्या 'पँगो' या मुक्त प्रोग्रॅमिंग लायब्ररीची १.३१ ही विकास-आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. या आवृत्तीने अक्षरजुळणीची संपूर्ण अंतर्गत व्यवस्था बदलली. प्रस्तुत लेखात या बदलाची मराठीच्या दृष्टीने चिकित्सा केली आहे. अक्षरांचे दर्शन सुधारले. परंतु मराठीचे हिंदीहून असलेले वेगळेपण आणि साठविलेल्या मजकुराची एकरूपता हे प्रश्न शिल्लक राहिले, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मुक्त सॉफ्टवेअर, विकास-आवृत्ती, युनिकोड, देवनागरी, मुद्रितशोधन.

१. प्रस्तावना

पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०), महाराष्ट्र साहित्य परिषद व सर परशुरामभाऊ महाविद्यालय (स्थापना १९१६) या संस्था आहेत. त्यांच्या जोडीने मराठी प्रकाशनव्यवसायही येथे वाढला. मराठी मजकूर छापण्यापूर्वी तो तपासून घ्यावा, ही शिस्त या परिसराने महाराष्ट्राला दिली. खिळे जुळविणाऱ्या कामगाराची चूक मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटत नसे. आज खिळेजुळारीचे काम संगणकातील एक लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रॅमांना सामाईकपणे वापरता येईल असा तयार आज्ञांचा संग्रह. 'सदाशिव' हा शब्द टंकित करताना 'श' आधी व ऱ्हस्व इकार नंतर साठविला जातो. पडद्यावर मात्र इकाराची वेलांटी 'श'च्या आधी यावी लागते. ही उलटापालट, जोडाक्षरे आणि रफार यांची मांडणी लायब्ररी करते. तिचे मुद्रितशोधन कोणी केले, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

२. विकास-आवृत्तीचे स्वरूप

ग्रीक 'पॅन' (सर्व) आणि जपानी 'गो' (भाषा) या शब्दांपासून 'पँगो' हे नाव सिद्ध झाले आहे. ग्नोम प्रकल्पाशी संबंधित असलेल्या या लायब्ररीच्या क्रमांकनपद्धतीत मधला अंक विषम असलेली आवृत्ती विकासाची, तर सम असलेली आवृत्ती स्थिर मानली जात असे. त्यानुसार १.३१ ही चाचणीसाठी खुली केलेली आणि १.३२ ही सर्वसामान्य वापरासाठी दिलेली आवृत्ती होय. ग्रंथव्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर विकास-आवृत्ती म्हणजे वाचनासाठी काढलेले कच्चे मुद्रित. या टप्प्यावर सुचविलेली दुरुस्ती अल्पश्रमाने होते. स्थिर आवृत्ती असंख्य संगणकांवर पोहोचल्यानंतर तीच दुरुस्ती कठीण होते.

३. गुणविशेष

१.३१ पूर्वी पँगोमध्ये भारतीय लिपी, अरबी इत्यादींसाठी निरनिराळे विभाग होते. या आवृत्तीने ते काम 'हार्फबझ' या स्वतंत्र मुक्त लायब्ररीकडे सोपविले. हा निर्णय दूरदर्शी ठरला. हार्फबझचा वापर फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांतही होऊ लागला. लिबरऑफिसने २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व संगणकप्रणालींवर तीच जुळणी स्वीकारली. परिणामी एकच मराठी मजकूर निरनिराळ्या साधनांवर निरनिराळा मोडण्याचे प्रमाण घटले. मुक्त परवान्यामुळे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्वांना उपलब्ध होते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

४. मर्यादा

४.१ अचूकतेचा निकष : हार्फबझमधील भारतीय लिप्यांची जुळणी तपासताना विकिपीडियातील मजकुरातून काढलेल्या शब्दयाद्या वापरल्या गेल्या आणि निकालाची तुलना मायक्रोसॉफ्टच्या 'युनिस्क्राइब' या लायब्ररीशी करण्यात आली. युनिस्क्राइबच्या दोषांशीही जुळते वर्तन करण्याचा एक स्वतंत्र पर्याय हार्फबझमध्ये ठेवलेला होता. बहुतेक फाँट विंडोजवर तपासून तयार झालेले असल्याने ही तडजोड व्यवहार्य होती, हे मान्य करावे लागते. तथापि यात बरोबर म्हणजे काय, हे मराठीच्या लेखनपरंपरेने ठरविले नाही. ते दुसऱ्या एका उत्पादनाने ठरविले. मुद्रिताची तुलना हस्तलिखिताशी न करता शेजारच्या छापखान्यातील प्रतीशी करण्यासारखे हे आहे.

४.२ मराठीची ओळख : मराठी वळणाचे 'ल' व 'श' हिंदी वळणाहून भिन्न आहेत. युनिकोडमध्ये दोहोंसाठी एकच संकेत आहे. भाषा कोणती हे कळल्यास फाँट योग्य वळण निवडू शकतो. परंतु संगणकाची भाषा इंग्रजी असेल आणि मजकुरावर भाषेची खूण नसेल, तर पँगो देवनागरी मजकुराची भाषा हिंदी गृहीत धरते. हा नियम जुन्या आवृत्त्यांतून १.३१ मध्ये तसाच आला. आपल्या बहुसंख्य महाविद्यालयांतील संगणक इंग्रजीतूनच चालतात. तेथे 'सदाशिव पेठ' ही अक्षरे हिंदी म्हणून जुळविली जातात. भाषा मराठी असल्याचे संगणकाला स्पष्टपणे सांगण्याची सोय आहे. पण ती किती मराठी वापरकर्त्यांना ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

४.३ दर्शन आणि मजकूर : 'दर्या' व 'दऱ्या', 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' या जोड्यांत अर्थभेद केवळ 'र'च्या रूपावर अवलंबून आहे. 'कऱ्हाड', 'वऱ्हाड', 'ऱ्हास' यांतील हा आडवा अर्धा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठविता येतो : 'ऱ' (संकेत ०९३१) व विराम यांनी, किंवा 'र', विराम व शून्य रुंदीचा जोडक यांनी. दुसरी रीत युनिकोडच्या २.० या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेली आहे. लायब्ररी दोन्हींचे दर्शन सारखेच घडविते, आणि हेच तिचे यश मानले जाते. मात्र या दोन क्रमावली परस्परांशी समान मानल्या जात नाहीत. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला 'वऱ्हाड' शोधला असता दुसऱ्या रीतीने लिहिलेला साध्या शोधात सापडत नाही. शोधनिबंधांच्या सूचीत किंवा ऐतिहासिक कागदपत्रांच्या संगणकीय संग्रहात असा शब्द डोळ्यांसमोर असूनही अभ्यासकाला मिळत नाही. अक्षरजुळणी निर्दोष असल्यामुळेच हा दोष लपून राहतो. तो दूर करणे हे लायब्ररीचे काम नव्हे, हे खरे. पण दर्शनाची अचूकता म्हणजे मजकुराची अचूकता, असे समजणे धोक्याचे आहे.

५. निष्कर्ष

१.३१ ही आवृत्ती तंत्रदृष्ट्या यशस्वी, परंतु मराठीच्या दृष्टीने अपुरी तपासलेली होती, असे म्हणावे लागते. याचा सर्व दोष तिच्या कर्त्यांना देणे न्याय्य होणार नाही. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या 'लोहित' फाँटची जोपासना पुण्यातूनच झाली. म्हणजे अभियंत्यांनी आपला वाटा उचलला. मराठीच्या प्राध्यापकांनी मात्र शुद्धलेखनाचे १९६२ व १९७२ चे नियम शिकविताना ते पडद्यावर कोण पाळते, याची चौकशी क्वचितच केली. मराठी व संगणकशास्त्र या विभागांनी मिळून अर्धा 'र', 'ल', 'श', 'ॲ' व अवघड जोडाक्षरे असलेल्या शब्दांची एक चाचणीयादी तयार करावी, प्रत्येक विकास-आवृत्तीवर ती चालवून पाहावी आणि आढळलेले दोष कर्त्यांना कळवावेत. या कामास अनुदान लागत नाही. मुद्रित वाचण्याची जुनी सवय तेवढी पुरेशी आहे.