पेशवाईचा अस्त : तीन गद्यसाक्षी

इ.स. १८१८ हे वर्ष मराठी वाङ्मयेतिहासात सीमारेषेसारखे वापरले जाते. बाजीराव दुसरा सालिना आठ लक्षांच्या तनख्यावर बिठूरास गेला आणि ‘अव्वल इंग्रजी’ कालखंड सुरू झाला, अशी ही मांडणी आहे. अध्यापनास ती सोयीची असली, तरी सत्तेचा अस्त सर्वांच्या घरी एकाच दिवशी व एकाच रूपात पोहोचला, असे तीत गृहीत धरलेले असते. तत्कालीन व नंतरचे गद्य या गृहीतकास दुजोरा देत नाही.

लोकहितवादींचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस होते. म्हणजे पराभव त्यांच्या घरातलाच. तरीही १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शतपत्रांत शोक जवळजवळ नाही. राज्य बुडाले ते आळसाने व अज्ञानाने, असा त्यांचा निवाडा आहे. तो धाडसी खराच. परंतु इंग्रजी राज्यास ईश्वरी योजना मानल्याने जिंकणाऱ्याच्या हेतूंची चिकित्सा मागे पडते.

जोतीराव फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महारांच्या वाट्याला येणारा मृत्यू ती सांगते. हा अस्त तिला सुटका वाटतो. मात्र त्याच निबंधात बाळंतीण स्त्रीच्या घरावर छप्पर नसते, ती थंडीपावसात कुडकुडते, हेही येते. भय गेले, दारिद्र्य राहिले. निबंधाकडे केवळ इंग्रजी राज्याची स्तुती म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून नेमका हा भाग सुटतो.

विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे वाचन बहुधा झाशीपाशी थांबते. तो १८५७चा वृत्तांत आहेच. पण वरसईचा हा भिक्षुक उत्तरेस का निघाला, हा प्रश्न अधिक बोलका आहे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार होत्या. पुण्यातील दक्षिणेचा ओघ आटला होता. तिच्या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तरी पूर्वीचे दानशूर दरबार नाहीसे झाले होते. ग्वाल्हेर, झाशी, बिठूर ही उरलेली आश्रयस्थाने होती. त्यांतील झाशी गोडसे यांच्या डोळ्यांदेखत पडली. त्या अर्थाने त्यांच्यासाठी पेशवाई १८५८ मध्ये पुन्हा एकदा बुडाली. आश्चर्य असे की, ग्रंथात राज्यक्रांतीचे विवेचन थोडे आणि मिळालेल्या व लुटल्या गेलेल्या द्रव्याचे तपशील भरपूर आहेत. वैद्यांनी संपादून १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथातील तो हिशेबीपणा दोष मानण्याचे कारण नाही. आश्रय तुटलेल्या माणसास इतिहास असाच दिसतो. दक्षिणा वाटेत गेली. गंगेची कावड तेवढी वरसईस पोहोचली आणि आईवडिलांना तिच्या पाण्याने स्नान घालण्यात आले.